पानगळीनंतरचा गळ

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: सप्टेंबरपर्यंत गळाला बास (इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) लागत होते, आता दिवसभर उभं राहूनही दोरीला हिसका नाही. पत्रं आली आहेत मॅसॅच्युसेट्समधून, त्यातही वूस्टर-श्रूजबरी पट्ट्यातून जास्त. म्हणजे माझ्याच शेजारातून. त्यामुळे उत्तरंही याच पाण्याची आहेत. ओहायोच्या किंवा ओंटारिओच्या वाचकांनी तारखा आपापल्या थंडीप्रमाणे सरकवून घ्याव्यात. तापमान फॅरनहाइटमध्येच दिलंय, कारण इथे दुकानात मिळणारा प्रत्येक थर्मामीटर तेच दाखवतो. पत्रं थोडक्यात करून छापली आहेत. एकाच प्रश्नाची अनेक पत्रं होती तिथे सगळ्यात चिडलेलं निवडलं.

ताई, क्विन्सिगमंड तलावावर उन्हाळाभर गवताच्या कडेला छान लार्जमाउथ (बासचीच मोठ्या तोंडाची जात) मिळाले. कोलंबस डेनंतर (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) तीच जागा, तीच वेळ, तेच रबरी किडे, आणि काहीच नाही. पाण्याला वासही येत होता. मासे गेले कुठे? (श्रूजबरी)

तलावातच आहेत, पण तुम्ही अजून जुलैच्या पत्त्यावर टपाल टाकताय.

क्विन्सिगमंड लांबट तलाव आहे, चार मैलांचा, आणि काही ठिकाणी ऐंशी फुटांहून खोल. असल्या तलावात उन्हाळ्यात पाण्याचे दोन थर होतात. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, खाली थंड आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे तळाशी प्राणवायू संपत येतो. ऑक्टोबरात रात्री गारठल्या की वरचं पाणी थंड होऊन जड होतं आणि खाली बसायला लागतं. मग एखाद्या वादळी दिवशी वारा सगळा तलाव ढवळून काढतो. याला इथे टर्नओव्हर म्हणतात. तुम्हाला आलेला वास तळाचा, तिथे महिनोन् महिने कुजत पडलेल्या गाळाचा. त्या आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी मळकट दिसतं, वर गवताचा चुरा तरंगतो, आणि बास दोन फुटांवरही असतो नि वीस फुटांवरही. सगळीकडे पाणी सारखंच, मग त्याने एका जागी का थांबावं?

मी त्या दिवसांत खोल पाण्यावर जातच नाही. उथळ तळ्यांत हे थर धड बनतच नाहीत, वारा ती उन्हाळाभर ढवळत असतो. क्विन्सिगमंडच्याच दक्षिण टोकाचा फ्लिंट पाँड उथळ आहे, तिकडे जावं. मोठा तलाव शांत झाला की परत यावं.

आता गवत. तुमची जागा गेली ती बहुधा गवत मेल्यामुळे. मेलेलं गवत कुजताना प्राणवायू खातं, लहान मासे तिथून उठतात आणि त्यांच्या मागोमाग बासही. पण सगळं गवत एकदम मरत नाही. ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, अडकून आलेली काडी झटकून टाकू नका, बोटांत धरून बघा. तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत पिठासारखी होणारी असेल तर पुढे चला. हिरवी, ताठ, ओढल्यावर कट्‌कन तुटणारी निघाली तर तिथे अर्धा तास द्या. नोव्हेंबरात असा खोलीभर हिरवा तुकडा उरलेला असेल तर आजूबाजूचे पर्च, ब्लूगिल असले लहान मासे आणि बास तिथेच गोळा झालेले असतात.

पाणी साठ ते पन्नास अंशांच्या दरम्यान असतं तेव्हा बास भुकेला असतो, थंडीच्या आधी खाऊन घेतो, आणि काठाजवळ लहान माशांचा पाठलागही करतो. हे दिवस थोडे असतात, वाया घालवू नका. पन्नासच्या खाली गेलं की त्याचं सगळं शरीरच मंदावतं. मासा थंड रक्ताचा, पाणी जितकं गार तितकं पचन हळू. एकदा खाल्लेलं त्याला कितीतरी वेळ पुरतं. मग तो अशी जागा धरतो जिथून खोल पाणी आणि उथळ पाणी दोन्ही शेपटीच्या दोन फटक्यांवर असतं: पाण्यात झपकन उतरणारा काठ, पुलाखालचे रचलेले दगड, पडलेल्या झाडाचा पाण्यातला शेंडा. सपाट, लांबच लांब उथळ काठ आता सोडून द्या.

वेळ बदला. पहाटे उठून जाणं हे उन्हाळ्याचं शहाणपण. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढाच कामाचा वेळ धरा. तलावाच्या उत्तर काठावर उभे राहा. तिथे ऊन समोरून येतं, आणि वायव्येचा बोचरा वारा पाठीमागच्या झाडांवरून निघून जातो. दगड तापले की त्यांच्याजवळचं पाणी एक-दोन अंशांनी चढतं. तेवढ्यानेही फरक पडतो.

आणि आमिष. माझ्या पेटीत पन्नास अंशांच्या खाली मुख्य असतो जर्कबेट. लांबट, माशाच्या आकाराचा, पाण्यात न बुडणारा न तरंगणारा, आहे तिथेच थांबणारा. फेकायचा, रीळ पाच-सहा वेळा फिरवून खाली न्यायचा, काठीच्या टोकाने दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. खरं काम इथेच आहे. मनात दहापर्यंत मोजायचं, तेही सावकाश. दोरी किंचित सैल, पाण्यावर पडलेली. हिसका बसेल म्हणून वाट बघू नका, गार पाण्यात तो क्वचितच बसतो. दोरीचा पाण्यात शिरणारा भाग बघत राहा. तो बोटभर बाजूला सरकला, किंवा पुढचा झटका देताना ओल्या फडक्यात काठी अडकल्यासारखं जड लागलं, तर समजा मासा आहे. काठी जोरात वर उचलू नका, बाजूला ओढून धरा.

एक बारकी गोष्ट. थंड पाणी जास्त घट्ट असतं, म्हणून उन्हाळ्यात जागच्या जागी थांबणारा तोच जर्कबेट नोव्हेंबरात हळूहळू वर यायला लागतो. काठाशी पायाजवळ टाकून तपासा. वर येत असेल तर पुढचा गळ एक नंबर मोठा लावा, तेवढं वजन बहुतेक वेळा पुरतं.

जुलैत कयाक (वल्ह्याची अरुंद, छोटी होडी) घेतली, त्यावर बसून मासे पकडायची चटक लागली. नवरा म्हणतो ऑक्टोबर संपला की बंद. मी म्हणते थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत तरी चालवीन. तुम्हीच निकाल द्या. (ॲक्टनहून एक भगिनी)

घरच्या भांडणात पडायची हौस नाही, पण निकाल द्यावाच लागणार असेल तर साठ टक्के तुमच्या यजमानांच्या बाजूने.

आधी कायदा. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कयाक किंवा कनूमध्ये बसलेल्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असलंच पाहिजे. सीटमागे खोचलेलं चालत नाही. कनेक्टिकटमध्ये हीच सक्ती १ ऑक्टोबर ते ३१ मे अशी आहे, न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे, पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. एवढ्या राज्यांनी हे उगाच केलेलं नाही.

पन्नास अंशांच्या पाण्यात माणूस पडला की गारठून मरायला वेळ लागतो, पण बुडायला लागत नाही. पहिल्या मिनिटात छाती आपोआप धाप घेते, ती आपल्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. उत्तम पोहणारेही इथेच जातात. हे मिनिट निभावलं तर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, नंतर बोटं दोरी धरत नाहीत, बक्कल लागत नाही. शुद्ध जायला तासभर लागू शकतो. थंड पाण्याचं शिक्षण देणारे हे 'एक-दहा-एक' असं शिकवतात: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. लाइफ जॅकेट आहे ते पहिल्या मिनिटासाठी, आणि नंतर हात चालेनासे झाल्यावर तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी.

म्हणून कपडे हवेला बघून घालायचे नाहीत, पाण्याला बघून घालायचे. नोव्हेंबरात एखाद्या दुपारी हवा पासष्ट अंशांची असते, लोक टी-शर्टवर फिरतात, आणि पाणी अठ्ठेचाळीसचं असतं. तो दिवस सगळ्यात फसवा. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख), आत लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे. सुती काही नको, जीन्स तर अजिबात नको. ड्रायसूट महाग आहे हे मलाही कळतं. तो घ्यायचा नसेल तर तुमचा हंगाम पाणी साठ अंशांवर आहे तोवरच आहे, आणि यजमान म्हणतात तो महिना त्यामानाने उदारच म्हणायचा. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घालून कयाकमध्ये बसणारे दिसतात. मी बसत नाही. पाण्याने भरले की ते तळाशी खेचत नाहीत खरं, पण तेवढं पाणी घेऊन परत वर चढणं थकलेल्या माणसाला जमत नाही.

परत चढायचा सराव केलाय का? नसेल तर यंदाचं उत्तर 'बंद' असंच आहे. पुढच्या जूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटी करा, सुलटी करा, मधोमध पोटावर झेप घेऊन आडव्या पडा, मग वळून बसा. हे न अडखळता जमायला लागेपर्यंत गार पाण्याचं नाव नको. फोन पेटीत किंवा सीटखाली ठेवू नका. जलरोधक पिशवीत घालून अंगावर बांधा, कारण उलटल्यावर कयाक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असाल. शिटी जॅकेटलाच. कुठून निघालात आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवा. भांडण चालू असलं तरी.

हे झालं जिवाचं. आता मासेमारीचं सांगते, आणि हे ऐकून कदाचित तुमचं मन वळेल. वरच्या उत्तरात दहा अंक मोजायला सांगितले ना? कयाकमध्ये बसून मोजून बघा. चारपर्यंत पोचेस्तोवर वाऱ्याने तुम्हाला हातभर सरकवलेलं असतं आणि आमिष तुमच्यामागे घसरत आलेलं असतं. जुलैत हे चालतं, मासा धावत येतो. आता त्याला धावायचं नाहीये. नांगर टाकून थांबता येतं, पण नांगराची दोरी कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच यायला हवी. बाजूला, सीटजवळ बांधली तर एखादी लाट किंवा मोटरबोटीचं पाणी कयाक तिरकी करून उलटवू शकतं. दोरी झटकन सोडता येईल अशी बांधा, सुरी हाताशी ठेवा. एवढं सगळं करण्यापेक्षा काठावरचा माणूस फुकटात स्थिर उभा असतो. पाणी पन्नासच्या खाली गेलं की माझी कयाक गॅरेजमध्ये छताला टांगलेली असते आणि मी दगडांवर असते, आणि हे मी नाइलाजाने करत नाही. नोव्हेंबरात काठ जास्त फळतो असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला उरलेले चाळीस टक्के यासाठी दिले की ऑक्टोबरातल्या एखाद्या शांत दुपारी, अंगात योग्य कपडे, सोबत दुसरी कयाक, आणि काठापासून लांब न जाता पडक्या झाडांच्या शेंड्यांवर वरून आमिष सोडणं यासारखं सुख नाही. तेवढं यजमानांनी सोडावं.

मी विद्यार्थी आहे, वूस्टरला. गाडी नाही, बोट नाही, पैसेही बेताचेच. एक स्पिनिंग रॉड आहे. ऑनलाइन नेड रिगचे जिगहेड (डोक्याला वजन असलेले गळ) मागवले तर रूममेट म्हणाला की हे इथे बेकायदेशीर आहेत. खरं का? आणि काठावरून काय करू?

अरे, रूममेटला चहा पाज, त्याने तुझा दंड वाचवला. जिगहेड शिशाचे असतील तर या राज्याच्या गोड्या पाण्यात ते चालत नाहीत. १ जानेवारी २०१२ पासून एक औंसाच्या आतली शिशाची वजनं आणि शिशाचे जिग इथे बंद आहेत. कारण लून नावाचा पाणपक्षी. तो अन्न दळायला पोटात खडे साठवतो, खड्यांसोबत तुटून पडलेलं शिसंही गिळतो, आणि एवढंसं वजनही त्याला मारायला पुरतं. दुसऱ्या राज्यातला दुकानदार तुला हे सांगणार नाही, तो बिनदिक्कत पाठवून देतो. पाकिटावर टंगस्टन, बिस्मथ, कथील किंवा पोलाद लिहिलेलं बघ. टंगस्टन महाग, पण शिशापेक्षा जड असल्याने तेवढ्याच वजनाचा दाणा लहान होतो, आणि तळ वाळूचा आहे की दगडाचा हे हाताला लगेच कळतं. चार दाणे घे, चाळीस नको.

नेड रिग तुझ्यासारख्यासाठीच आहे. आळंबीच्या आकाराचं चपटं डोकं, त्याला बोटाएवढा रबरी तुकडा. तुकडा तरंगणाऱ्या जातीचा घे, म्हणजे डोकं तळाला टेकलं की शेपूट वर उभी राहते. दिसायला अगदीच बावळट प्रकार आहे, पण गार पाण्यात बासला तो आवडतो. करायचं जवळजवळ काहीच नाही. टाक, तळाला लागू दे, थांब, वीतभर ओढ, पुन्हा थांब. कंटाळा आला की समज वेग आता बरोबर झालाय.

सगळ्यांची चूक इथे एकच: काठावर आल्या आल्या जिवाच्या आकांताने तलावाच्या मध्यभागी फेकायचं. बोटीतला माणूस काठाकडे फेकतो आणि काठावरचा बोटीकडे. अरे, तुझा मासा त्या उताराच्या पायथ्याशी आहे, बऱ्याचदा पंधरा-वीस फुटांच्या आत. काठाला समांतर फेक. पुलाच्या दगडांच्या कडेने, भिंतीच्या कडेने. असं फेकलं की आमिष पूर्ण वेळ कामाच्या खोलीवर राहतं, नाहीतर शेवटची चार हातच राहतं. पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहू नकोस, दोन पावलं मागे थांब, पहिली फेक तिथूनच कर. खोल पाण्यातून चढणीवर ओढताना आमिष दगडांत अडकणार, ते धरूनच चाल. अडकलं तर काठी वाकवून हिसडे देऊ नकोस. दोरी सैल सोड, उलट्या बाजूला चालत जा, हलकेच टिचकी मार.

तुझ्या शहरातच इंडियन लेक आणि कोज पाँड आहेत, तिथूनच सुरुवात कर. परवाना मात्र काढ. तो ३१ डिसेंबरला संपतो, कधीही काढलास तरी. म्हणून डिसेंबरात घेताना विचार कर.

वॉचुसेट जलाशयावर कयाक नेता येते का? (वेस्टबरो)

नाही. तिथलं पाणी बॉस्टनच्या नळांना जातं. बोट नाही, कयाक नाही, पाण्यात पाऊलही टाकायचं नाही, फक्त काठावरून. हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणजे तुमच्याकडे अजून दिवस आहेत. आणि काठावर समाधान मानावं लागतंय असं वाटत असेल तर हे ऐका: राज्यातला सगळ्यात मोठा स्मॉलमाउथ (बासची दुसरी जात), ८ पौंड २ औंसांचा, १९९१ साली याच जलाशयातून निघाला. स्मॉलमाउथला गवतापेक्षा दगड आवडतात आणि थंडीत तो लार्जमाउथपेक्षा जरा जास्त तरतरीत असतो. शिळांचे ढीग पाण्यात उतरतात ती टोकं शोधा. गेटपासून चालावं लागतं, बूट चांगले हवेत, आणि परतीच्या अंधारासाठी डोक्याला बांधायचा दिवा.

सासूबाई मालवणहून आल्या आहेत. मी पकडलेला दोन पौंडांचा बास परत सोडला तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. या माशाचं कालवण करायला हरकत काय आहे? (श्रूजबरी)

सासूबाईंचं दुःख मला समजतं, मासा धरून परत पाण्यात टाकणं हे आपल्याकडे कोणाच्याही आजीला पटणार नाही. नियमाची हरकत नाही. बारा इंचांच्या वरचे, दिवसाला पाच बास ठेवता येतात. हरकत पाऱ्याची आहे.

कोळसा जाळल्याने हवेत गेलेला पारा पावसाबरोबर तळ्यांत येतो, बारीक जिवांत शिरतो, त्यांना खाणाऱ्या माशांत साठतो, आणि बाससारख्या शिकारी माशात सगळ्यात जास्त. तो मांसातच असतो. साल काढून, चरबी काढून, कितीही उकळून जात नाही. राज्याच्या आरोग्य खात्याची सरसकट सूचना आहे की बारा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, मूल होण्याची शक्यता असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी इथल्या नद्या-तळ्यांतले मासे खाऊ नयेत. काही तळ्यांसाठी याहून कडक सूचना आहेत, त्या तळ्याच्या नावाने बघाव्या लागतात. सासूबाई या यादीत नसतील, पण घरात नातवंडं आहेत ना? ताटं वेगळी कशी मांडणार?

सूचनेत एक सूट आहे: मत्स्यखात्याने सोडलेला ट्राउट. तो हौदात वाढवून तळ्यांत सोडतात, वसंतातही आणि शरदातही, त्यामुळे पारा साठायला वेळच मिळालेला नसतो. सासूबाईंना ट्राउट पकडून द्या. कालवणात तो फुटतो, मांस नाजूक असतं. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवायचा, रव्यात घोळवायचा, तव्यावर. बोलायला लागतील.

वय ७२, मुक्काम ठाणे. नोव्हेंबरात फ्रेमिंगहॅमला मुलीकडे येतोय. उमेदीत बेडूक लावून मरळ पुष्कळ मारली. तिथे ज्येष्ठांना परवाना फुकट असतो असं ऐकलं. काठी घेऊन येऊ का?

या काका, पण काठी राहू द्या, जावयाची वापरा. फुकट परवाना सत्तरीपुढच्यांना आहे हे बरोबर, पण राज्यात राहणाऱ्यांना. पाहुण्यांसाठी तीन दिवसांचा परवाना मिळतो, मॅसफिशहंट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या निघतो. मुलीला काढायला सांगा आणि तीन दिवस हवामान बघून निवडा, लागोपाठ दोन-तीन कोवळ्या उन्हाचे दिवस आले की त्यातले शेवटचे.

मरळीचा हात तुमच्या कामी येईल. दोघंही दबा धरून बसणारे. फरक एवढाच की मरळ श्वास घ्यायला वर येते आणि आपला ठावठिकाणा सांगते. बास नोव्हेंबरात पाण्यावर बुडबुडाही दाखवत नाही. बेडूक उड्या मारत आणणं इथे आता निरुपयोगी आहे. फ्रेमिंगहॅमच्या हद्दीत लेक कोचिटुएट येतो, तिथल्या उतरत्या काठावर उन्हात खुर्ची टाका आणि वर त्या विद्यार्थ्याला सांगितलंय तेच करा. ठाण्याचं थर्मल पुरणार नाही. पायाखाली जुनी चटई किंवा फोमचा तुकडा ठेवा, थंडी तळव्यातून चढते.

मासा धरून फोटो काढताना तो किती वेळ पाण्याबाहेर चालतो?

तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढा. हवा बत्तीस अंशांच्या खाली असेल तर फोटोच नको, ओले कल्ले आणि डोळे गोठायला लागतात. हात ओले करून धरा, लोकरी हातमोज्याने नको, त्याने अंगावरचा चिकट थर निघतो. मोठा मासा नुसता जबड्याने उभा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली.

तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरलाय, मध्ये पाणी मोकळं आहे. कयाकने बर्फ फोडत आत जाता येईल?

नाही.

डिसेंबरात रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साठतो, दोरी अडकते. काही घरगुती उपाय? (लेमिन्स्टर)

पहिला उपाय दोरीचा. विणलेली ब्रेड लाइन पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी कड्यांत गोठतं. थंडीपुरती आठ-दहा पौंडांची फ्लुरोकार्बन भरा, ती पाणी शोषत नाही आणि दगडांवर घासलीही कमी जाते. घरून निघायच्या आधी कड्यांना ओठांना लावतो तो बाम चोळा, तासभर बरा चालतो. त्यानंतरही बर्फ धरला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून थोडा वेळ धरा. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, बर्फ आपोआप सुटतो. नखाने किंवा पक्कडीने फोडू नका, कडीच्या आतली चिनी मातीची चकती तडकते, आणि मग ती तडक प्रत्येक फेकीला दोरी कापत राहते.